अजिंठा दाखवण्याआधी

प्रिय मित्रा,

गाईड म्हणून बोलायचा तुझा मजकूर वाचला. भाषा ओघवती आहे. पण एक नंबरच्या लेण्यातल्या चित्रातले 'इराणी वकील', म्हणजे इराणचे राजदूत, तू बेधडक दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात बसवलेस, ते वाक्य काढ. ही ओळख वास्तुकलेचा ब्रिटिश इतिहासकार फर्ग्युसनने १८७९ मध्ये सुचवली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत रुजली. हिशेब करून बघ: पुलकेशी सातव्या शतकातला, तर लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. जर्मन अभ्यासक श्लिंगलॉफ यांनी त्याच चित्रात महासुदर्शन जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा, ओळखलं. पाहुण्यांना दोन्ही मतं सांग आणि पहिलं का मागे पडलं तेही सांग.

प्रत्येक विधानामागे काय आहे ते तुला ठाऊक हवं. हरिषेणाचं नाव सोळा नंबरमधल्या त्याच्या मंत्र्याच्या, वराहदेवाच्या शिलालेखात आहे. ते ठामपणे बोल. वाकाटकांचं सगळं काम ४६२ ते ४८० या काळात झालं, हे मात्र अमेरिकन कला-इतिहासकार स्पिंक यांचं अनुमान. अर्धवट सोडलेलं कोरीवकाम तपासून त्यांनी ते मांडलं, पण सगळ्यांना पटलेलं नाही. तिथे 'स्पिंक यांच्या मते' एवढे शब्द पुरतात.

'फ्रेस्को' म्हणू नकोस. फ्रेस्कोत गिलावा ओला असतानाच रंग लावतात. इथे खडबडीत दगडावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर डिंक किंवा सरस घातलेले रंग. म्हणूनच ओल शिरली की पोपडे सुटतात. पिवळसर झाक दिसते तिथे सगळा दोष काळाचा नाही. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं. हा प्रश्न हमखास येतो.

लेण्यांचे क्रमांक वाटेच्या क्रमाने आहेत, कालक्रमाने नाहीत. वेळ असेल तर दहा नंबरपासून सुरुवात कर. ते इसवी सनापूर्वीचं. तिथल्या खांबावर ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन स्मिथची २८ एप्रिल १८१९ ची सही डोक्याच्या वर आहे. का, ते आधी पाहुण्यांनाच विचार, मग सांग की तेव्हा आत राडारोडा साचून जमीन उंच झाली होती. साल-शतकं बाहेरच, चपला काढण्याआधी उरकून घे. आत अंधारात लोक चित्र बघतात, आकडे ऐकत नाहीत.

सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी पुराभिलेखतज्ज्ञ मिराशींनी संपादित केलेला वराहदेवाचा शिलालेख वाच आणि मजकूर दुरुस्त करून पाठव.