18 हजारांचं लीडरशिप पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी वाशीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. मार्क चांगले आहेत, पण स्कॉलरशिपला नुसते मार्क पुरत नाहीत असं सगळे म्हणतात, म्हणून तिला रोबोटिक्स, वक्तृत्व आणि मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची नक्कल करत वाद-चर्चा) लावलं. आता एका संस्थेने 18 हजारांत समाजसेवेचं दोन महिन्यांचं 'लीडरशिप पॅकेज' सुचवलंय. शेवटी सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र मिळतं. पुढे इंजिनिअरिंग, अशोका विद्यापीठ की परदेश, ते ठरलेलं नाही. ती मात्र शनिवार आला की आजोबांबरोबर ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात जाऊन त्यांच्या मित्रांच्या मोबाइलच्या अडचणी सोडवत बसते. तिला कसं समजावू?
– एक आई, नेरूळ

उत्तर: ताई, ते 18 हजार भरू नका. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला मिळणारं सर्टिफिकेट अर्ज तपासणाऱ्यांना लगेच ओळखू येतं. आणि दोन महिन्यांच्या ओळखीवर कोणी मुलीबद्दल काय लिहिणार? 'सवलत रविवारपर्यंतच' असं सांगितलं असेल, तर रविवार खुशाल जाऊ द्या.

मार्क पुरत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. लेक राज्यात इंजिनिअरिंगला गेली तर एमएचटी-सीईटी किंवा जेईईचा स्कोअर बघतात, वक्तृत्वाची ढाल तिथे कोणी विचारत नाही. फीचंही तेच. 2024-25 पासून कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. त्याला लागतात ते दाखले. निकाल लागला की सगळी नवी मुंबई एकदम सेतू केंद्रावर उभी राहते, तेव्हा डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला त्या-त्या वर्षीचा लागेल. रिलायन्स फाउंडेशनच्या 2 लाखांपर्यंतच्या स्कॉलरशिपलाही बारावीचे किमान 60 टक्के, 15 लाखांच्या आतलं उत्पन्न आणि अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असा हिशोब आहे.

अशोका किंवा अमेरिकेतली कॉलेजं हा वेगळा मामला. मुलगी अभ्यासाबाहेर काय करते, हे तिथे खरोखर वाचलं जातं. तरी पालक एक गल्लत करतात. अ‍ॅक्टिव्हिटी बघतात ती प्रवेश देताना. पैसे बऱ्याच ठिकाणी घरच्या परिस्थितीवरून ठरतात. अशोकाची आर्थिक मदत उत्पन्न बघून मिळते, अझीम प्रेमजी विद्यापीठाचीही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची ऐपत बघत नाहीत आणि प्रवेश मिळाला तर गरजेपुरती मदत करतात. (तो मिळणं महाकठीण, हे आत्ताच सांगून ठेवते.) काही अमेरिकन कॉलेजं गुणवत्तेवरही स्कॉलरशिप देतात, अ‍ॅक्टिव्हिटीचा पैशांशी थेट संबंध येतो तो तिथे.

आता विरंगुळा केंद्राकडे येऊ. अमेरिकेतली बरीच कॉलेजं ज्या 'कॉमन अ‍ॅप'वरून अर्ज घेतात, त्यात अ‍ॅक्टिव्हिटींना 10 जागा असतात. प्रत्येकीचं वर्णन 150 अक्षरांत करायचं. शिवाय आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हे भरायचं. रोबोटिक्सची सुट्टीतली बॅच तिथे कशी दिसेल, बघा. आणि दोन वर्षं दर शनिवारी जाणारी मुलगी कशी दिसेल, तेही बघा. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, पण चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा, डोळे मिचकवा, हे सत्तरीच्या माणसाला पुन्हा पुन्हा, न चिडता सांगावं लागतं. ज्याचं हे काम झालं तो बँकेतली एक चक्कर वाचवतो. तुमची लेक हे फुकट करते आणि तुम्ही तिला त्यातून बाहेर काढायला निघालात!

तिला समजावू नका, थोडी शिस्त लावून द्या. एक वही करू दे: तारीख, कोणती अडचण, सुटली की नाही. माणसांची नावं नकोत, फोटो तर नकोतच. पिन आणि ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा, तिने नजर दुसरीकडे वळवायची, हा नियम पहिल्या पानावर लिहा. तीच ती अडचण वारंवार आली की मोठ्या अक्षरांत एक पानभर मराठी सूचना लिहून केंद्राच्या भिंतीवर लावता येईल. बनावट फोन कसे ओळखायचे यावर अर्धा तास बोलता येईल, तिथे वक्तृत्वही कामी येईल. शिफारसपत्र शेवटी तिला वर्गात ओळखणाऱ्या शिक्षकांचंच लागतं. केंद्राच्या अध्यक्षांनी चार ओळी जास्तीच्या लिहिल्या तर उत्तम. मात्र संस्था काढणं, लोगो, इन्स्टा पेज यात पडू नका.

तीन क्लासांतला एक ठेवा, आणि कोणता ते तिला ठरवू दे. मॉडेल यूएन ठेवलं तर दर परिषदेची नोंदणी फी आणि ब्लेझर यांचं बजेट आधीच बांधा, ते भलतंच वाढतं. घरी आजीचं औषधपाणी किंवा धाकट्याचा अभ्यास ती बघत असेल तर तेही लिहा. कॉमन अ‍ॅपमध्ये घरच्या जबाबदाऱ्यांना वेगळा प्रकार दिलेला आहे.

एक मात्र आहे. बारावीच्या नोव्हेंबरात हयातीचे दाखले, परदेशी अर्ज आणि प्रिलिमची तयारी एकदम अंगावर येईल. तेव्हा केंद्र सांभाळायला कॉलेजमधल्या दोन मैत्रिणी याच वर्षी तयार करायला सांगा. आजोबांना कोणत्या चालतील, ते आधी विचारा.