आसियानच्या (आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेच्या) मुक्त व्यापारात थायलंडचा वाटा नेमका काय?
मोठा आहे, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. १९६७ साली आसियानची स्थापनाच बँकॉकमध्ये झाली. मुक्त व्यापार क्षेत्राचा आग्रह थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान आनंद पन्यारचुन यांनी धरला. जानेवारी १९९२ मध्ये सिंगापूरला त्याच्या करारावर सह्या झाल्या: आपसातलं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने ० ते ५ टक्क्यांवर आणायचं.

पण नुसतं शुल्क उतरवून माल हलत नाही, रस्ता लागतो. थायलंडचं खरं महत्त्व मला तिथे वाटतं. शेजारच्या लाओसला समुद्रच नाही, त्याचा बराच माल थाई बंदरांतून जातो. थायलंडच्या सीमेवरच्या नोंग खाईजवळ मेकाँग नदीवर १९९४ मध्ये दोन्ही देशांना जोडणारा पूल झाला. थायलंडमध्ये वाहनं डावीकडून धावतात, लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळे लाओसच्या टोकाला प्रत्येक ट्रक बाजू बदलतो.