धुकं मिळालं, आता काळं शोधा : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी तळ्याकाठच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रड आहे : पाऊस होता, धुकं होतं, डोळ्यांना भारी दिसत होतं, आणि फोटोत सगळं मळक्या चादरीसारखं आलं. तर आज त्यावरच बोलू.

प्रश्न : ताई, पहाटेपासून तळ्यावर होतो, धुकं इतकं दाट की समोरचा काठच गायब. कॅमेरा ऑटोवर होता. घरी येऊन ब्लॅक अँड व्हाइट केलं तर सगळं सिमेंटच्या भिंतीसारखं. उजेड वाढवला की फिकट होतं, कॉन्ट्रास्ट वाढवला की घाण दिसतं. कॅमेरा बदलू का?
— सिमेंटवाला

उत्तर : कॅमेरा नका हो बदलू. त्याचं काय आहे, समोर धुकं आहे की कोळशाचा ढीग हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही, तो बिचारा समोर जे येईल त्याचा मधला करडा करायला बसलाय. पांढऱ्या धुक्याचाही त्याने करडा केला, म्हणून तुमची भिंत झाली. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची मोजपट्टी, मांडली, त्यात शून्य म्हणजे ठार काळं, दहा म्हणजे कोरा कागद, आणि मीटर सगळं पाचवर नेऊन ठेवतं. धुक्याची जागा मात्र सात-आठवर. म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), धुकं खूपच उजळ असेल तर दोनसुद्धा, आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजवीकडे सरकू द्या, फक्त अगदी उजव्या कडेला चिकटू देऊ नका.

पण खरं सांगू का, हे केल्यावरही तुमचा फोटो जमेलच असं नाही, कारण तुमच्या फोटोत काळं काही नाहीये. तुम्ही धुक्याचा फोटो काढायला गेलात आणि धुक्याचाच काढलात. धुकं पांढरं दिसतं ते शेजारी काहीतरी काळं असतं म्हणून. मी काठावर पोचले की पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवते आणि काळं कुठंय ते शोधत फिरते. पाण्यातून वर आलेला एखादा खुंट, उलटी पडलेली होडी, पाणकणसाचा झुपका, काहीही चालतं. आणि इथे पाऊस आपल्या बाजूने असतो बरं का! कोरडं लाकूड करडं दिसतं, तेच भिजलं की काळंकुट्ट, कारण पाण्याच्या थरामुळे उजेड लाकडातच जास्त मुरतो, परत कमी येतो. एकदा अशाच एका खुंटासमोर अर्धा तास बसले होते, वरचं टोक भिजून शाईसारखं, साल उललेली तिथल्या भेगा त्याहून काळ्या, आणि पाण्याजवळ चार बोटं रुंदीचा एक फिकट पट्टा, पाणी आधी जिथवर चढलं होतं तिथे सुकलेल्या शेवाळाचा. मागे काहीच नाही, नुसतं पांढरं. त्या खुंटामुळे मागचं पांढरं धुकं वाटत होतं, तो नसता तर तुमची भिंतच.

आता हे काळं किती लांब असावं? धुक्यात कॉन्ट्रास्ट अंतराबरोबर हळूहळू एकसारखा कमी होत नाही, सुरुवातीलाच धाडकन पडतो. समजा २०० मीटरपर्यंतच दिसतंय, म्हणजे तिथे कॉन्ट्रास्ट साधारण २ टक्क्यांवर आलाय. मग १०० मीटरवरच्या झाडाकडे निम्मा उरत नाही, १४ टक्के उरतो, आणि ५० मीटरवरच्याकडे ३८. म्हणून मुख्य वस्तू जितकं दिसतंय त्याच्या पाव अंतराच्या आत ठेवा, दुसरी निम्म्यावर, तिसरी जेमतेम दिसेल न दिसेल अशी, मग आपोआप एकामागे एक पडदे लावल्यासारखं होतं. मोठी झूम लेन्स लावून लांबचा काठ जवळ ओढला तर झाड मोठं होतं, पण मधलं धुकं काही कमी होत नाही.

अजून एक, हे फार कोणी सांगत नाही. पाणी सरळ वरून बघितलं तर जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं, आणि काठावर उकिडवं बसून पृष्ठभागाच्या १० अंश वरून तिरकं बघितलं तर साधारण ३५ टक्के. म्हणजे खाली बसलात की पाण्यात आभाळच दिसणार, पाणी पांढरं, धुकं पांढरं, मधली रेघ गायब. उभे राहिलात किंवा एखाद्या दगडावर चढलात की पायाशी असलेलं पाणी काळं पडतं आणि फोटोला बूड येतं. दोन्ही छानच दिसतं, फक्त ते आपण ठरवून केलेलं असावं, गुडघे दुखतात म्हणून उभे राहिलो असं नको.

प्रश्न : लाल फिल्टर लावला की धुकं कापलं जातं असं एका जाणकारांनी सांगितलं, लावला, काही फरक नाही. फिल्टर डुप्लिकेट आहे का?

उत्तर : फिल्टर चांगला असेल हो, सल्ला अर्धवट आहे. लांबच्या डोंगरावर जी निळसर झाक असते ना, तिच्यातले कण फार बारीक असतात आणि ते निळा उजेड जास्त विखुरतात, म्हणून लाल किंवा नारिंगी फिल्टरने निळा अडवला की डोंगर स्वच्छ दिसतो. धुक्याचे थेंब त्यांच्यापुढे राक्षस, साधारण दहा-वीस मायक्रॉनचे, आणि दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी एक मायक्रॉनसुद्धा नाही. इतका मोठा थेंब सगळे रंग सारखेच विखुरतो, म्हणूनच तर धुकं पांढरं असतं. जिथे रंगच नाही तिथे रंगाचा फिल्टर कापणार काय?

तरी तो फेकू नका. समोर हिरवं लव्हाळं असेल तर लाल फिल्टरने ते काळपट होतं आणि धुकं तसंच राहतं, म्हणजे वर म्हटलं ते काळं फुकटात मिळतं. साधारण तीन स्टॉप उजेड खातो तेवढा, मग ट्रायपॉड आलाच. डिजिटलवाल्यांनी फिल्टर न लावता रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढावा आणि नंतर हिरवा-पिवळा स्लायडर खाली ओढावा, काम तेच. पोलरायझरबद्दलही, म्हणजे चकाकी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल, दोघांनी विचारलंय : त्याने धुकं हटत नाही, पण पाण्यावरची चकाकी कमी होते, पृष्ठभागाशी ३७ अंशाच्या आसपासच्या कोनातून बघितलं तर सगळ्यात जास्त. मी तो बहुतेक वेळा काढूनच ठेवते, तळ्यातून प्रतिबिंब काढून घेतल्यावर उरतं काय, चिखल.

प्रश्न : धो धो पाऊस पडत होता, मी चिंब भिजले, आणि फोटोत पाऊसच नाही! घरचे म्हणतात नळाखाली उभी होतीस का.
— भिजलेली

उत्तर : हाहा, घरच्यांना दोन गोष्टी सांग. पहिली, पाऊस उजळ आभाळासमोर दिसतच नाही, मागे काळी झाडी किंवा काळं पाणी लागतं. दुसरी, शटर. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर खाली येतो, म्हणजे शटर १/६० सेकंद उघडं असेल तर त्याची अकरा सेंटिमीटरची रेघ उमटते आणि तो पाऊस वाटतो. १/१००० ला तोच थेंब सात मिलिमीटरचा ठिपका होतो, लेन्सवर धूळ असल्यासारखा. आणि अर्धा-एक सेकंद ठेवलंस तर रेघा इतक्या लांब नि फिकट होतात की पाऊस विरघळूनच जातो, तुझं बहुतेक हेच झालं असणार कारण उजेड कमी होता. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढव, १/६० ते १/१२५ मध्ये राहा. पाण्यावर उठणारी वर्तुळं हवी असतील तर १/२५० बरं, आणि ती झाडाच्या काळ्या प्रतिबिंबात शोध, पांढऱ्या पाण्यात ती हरवतात. फ्लॅश मात्र चुकूनही नको, लेन्सजवळचे थेंब उजळून फोटोभर पांढरे गोळे येतात आणि मग लोक त्यात भुतं शोधतात.

प्रश्न : दादा/ताई, माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

उत्तर : जमेल रे. धुक्यावर नाही, त्या काळ्या खुंटावर बोट दाबून धर, फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर, मग उजेडाचा स्लायडर धुकं पांढरं दिसेपर्यंत वर-खाली कर. ऑटो एचडीआर (उजळ आणि काळे भाग आपोआप सारखे करणारी सोय) बंद करता आला तर कर, तो धुक्याला सुधारायला जातो. आणि रॉची सोय असेल तर तीच वापर. साध्या जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ च पायऱ्या असतात, धुक्याचा फोटो त्यातल्या थोड्याशाच वापरतो, त्या ओढून ताणल्या की आभाळात पट्टे पडतात. सिमेंटवाल्यांची ‘घाण’ ती हीच. आणि ते एडिटिंगमधलं धुकं पुसणारं डीहेझचं बटण, त्याला हात लावू नकोस, पहाटे उठून जे मिळवलं तेच ते पुसतं.

प्रश्न : रंगीत फोटोतले रंग काढून टाकायचे आणि कलात्मक म्हणायचं ही फसवणूक नाही का?

उत्तर : धुक्यात रंग होते कुठे काढायला? पुढचा प्रश्न.

प्रश्न : मी अजून फिल्मवर काम करतो. पाणी अगदी रेशमी दिसावं म्हणून ३० सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, निगेटिव्ह पातळ, म्हणजे फारच फिकट, आली. मीटर तर बरोबर होता. शिवाय मित्र म्हणतात रेशमी पाणी आता शिळं झालं.

उत्तर : मीटर बरोबरच होता, फिल्म दमली. एक सेकंदाच्या पुढे फिल्मची उजेड टिपायची ताकद घटत जाते, तिला जास्तीचा वेळ द्यावा लागतो. एचपी५ प्लस या फिल्मसाठी ती बनवणारी इलफर्ड कंपनी स्वतः १.३१ चा घातांक देते (मीटरच्या सेकंदांचा तेवढा घात करायचा), म्हणजे मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० द्यायचे आणि ३० सांगितले तर जवळजवळ ८६. तुम्ही दीड स्टॉप कमी दिलात, पातळ येणारच. फूजीच्या ॲक्रॉस फिल्मला १२० सेकंदांपर्यंत दुरुस्ती लागत नाही, म्हणून लाँग एक्स्पोजरवाल्यांचा तिच्यावर एवढा जीव.

आता शिळं झालं का. मायकल केना हा १९५३ मध्ये जन्मलेला इंग्लिश फोटोग्राफर, होक्काइदोतल्या कुश्शारो तळ्याच्या काठावरच्या एकाच झाडाकडे तो वर्षानुवर्षं परत परत जात राहिला, पुढे ते झाड तोडलं गेलं. ते फोटो बघताना शटर किती वेळ उघडं होतं हे माझ्या तरी मनात येत नाही, झाडच दिसतं. त्यामुळे तुमच्या मित्रांना पाण्याचा कंटाळा आला असेल तर तो बहुधा पाण्यात दुसरं काही नसल्याचा कंटाळा आहे. फक्त एक बघा, धुकं एका जागी बसलेलं असेल तर लांब एक्स्पोजर खुशाल द्या, पण ऊन लागून ते फाटायला लागलं, तुकडे पाण्यावरून सरकायला लागले की शटर लगेच १/६० च्या वर आणा, कारण तीस सेकंदांत त्या सगळ्या आकारांची सरासरी होते आणि पुन्हा भिंत. ते फाटणं पंधरा-वीस मिनिटांत संपून जातं, तेवढ्यात फिल्टर काढत बसायचं नाही. आणि पावसात होडी डुलते, तिला ३० सेकंद दिले तर दोन होड्या येतात.

प्रश्न : तळ्यावर पोचलो की लेन्स आतून-बाहेरून वाफाळते. पुसली की पुन्हा तेच. उपाय?

उत्तर : थंड खोलीतून किंवा एसी गाडीतून दमट हवेत आणलेली लेन्स म्हणजे फ्रिजमधून काढलेली बाटली. पुसून काही होत नाही, तिला बाहेरच्या हवेइतकं गरम होऊ द्यावं लागतं. कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत घालूनच बाहेर काढा, पाणी पिशवीवर जमेल, आणि अर्धा तास थांबा. माझी ती काळं शोधायची दहा मिनिटं अशीही वापरात येतात.

बाहेरून पुसायचं तर मायक्रोफायबरची तीन-चार फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण पहिलं फडकं पंधरा मिनिटांत ओलं होतं आणि मग ते नुसतं पाणी फासतं. हे मी एकदा टी-शर्टच्या कोपऱ्याने केलंय. चाळीस फोटो काढले, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास, घरी मोठ्या स्क्रीनवर प्रत्येकात बरोबर मध्यभागी एक मऊ गोल डाग, आणि दुर्दैव असं की धुक्यामुळे तो डाग धुकंच वाटत होता म्हणून तिथे कळलाही नाही. तेव्हापासून दर पाच फोटोंनंतर एक फोटो झूम करून बघते. हूड लावलेलं असू द्या, वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, ऑटोफोकस मागे-पुढे धावत बसला तर तो बंद करून स्क्रीनवर मोठं करून खुंटाच्या कडेवर हाताने फोकस करा.

घरी आल्यावर बॅग बंद ठेवू नका. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉडचे पाय सगळं उघडं करून रात्रभर हवेवर, आणि मगच सिलिका जेलच्या डब्यात. ट्रायपॉडच्या पायांत तळ्याचं पाणी आणि बारीक वाळू जाते, ती पुढच्या वेळी उघडताना कर्र कर्र वाजली की समजायचं या वेळी आळस केलाय.