लाईट रात्रीची, मग झोप कधीची? (वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

मागच्या अंकात शुगरवर लिहिताना मी शेवटी सहज एक ओळ टाकलेली की गोळी वाढवून मागायच्या आधी रात्री झोप किती होते ते डॉक्टरला सांगत जा. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम झोपेलाच दिलाय. नावं कुणाचीच घातलेली नाहीत, घोरण्याच्या तक्रारीत तर नकोच.

प्रश्न : मॅडम, पलूस तालुक्यात माझा तीन एकर ऊस आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दहाला मोटर चालू करून सहापर्यंत दारं धरायला शेतातच असतो, मग धारा, डेअरीला दूध, आणि दुपारी जमेल तशी दोन-तीन तास झोप. वय ४६. गेल्या वर्षी शुगर निघाली, बीपी पण वाढलंय. साखर सोडली, भात सोडला, तरी आकडा खाली येत नाही. झोपेचा आणि शुगरचा खरंच संबंध आहे का तुम्ही उगाच लिहिलंय?

उत्तर : उगाच नाही लिहिलं दादा. १९९९ साली शिकागोत ११ धडधाकट तरुण पोरांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि मग त्यांची शुगर तपासली, तर आठवड्याभरापूर्वी ठणठणीत असलेल्या त्या पोरांच्या रक्तातली साखर जेवढ्या वेळात उतरायला पाहिजे तेवढ्या वेळात उतरेना. त्यांनी काही जिलेबी खाल्ली नव्हती, फक्त झोप कापली होती. तुम्ही भात सोडला पण जागरण तसंच राहिलं, आणि ते तुमच्या हातात पण नाही म्हणा, लाईटचं टाइमटेबल काय तुम्ही लावत नाही.

आत होतं काय ते सांगते. आपल्या शरीरात घड्याळ असतं ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, पेशीपेशीत ते चालतं कसं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय. लिव्हरचं वेगळं, स्वादुपिंडाचं वेगळं, आणि सगळी घड्याळं डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर मिळवलेली. आता रात्री दीड वाजता तुम्ही बांधावर बसून चहा आणि भडंग खाता (खाताच, मला माहितीय, माझे वडील पण खायचे) तेव्हा स्वादुपिंडाच्या हिशोबाने मध्यरात्र असते, ते इन्सुलिन सोडायला कंटाळा करतं आणि तीच साखर दुपारपेक्षा जास्त वेळ रक्तात फिरते. बीपीचं पण तसंच. नीट झोपलेल्या माणसाचं बीपी रात्री साधारण १० ते २० टक्के खाली येतं, तेवढीच काय ती हृदयाची सुट्टी, आणि तुम्ही त्या टायमाला फावडं घेऊन सरीत उभे. वर जागरणाने भूक वाढवणारं हार्मोन चढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं उतरतं, म्हणून सकाळी ज्वारीच्या भाकरीपेक्षा वडापाव जास्त हाका मारतो.

आता करायचं काय. रात्रीच्या आठवड्यात झोप "जमेल तशी" ठेवू नका, वेळ बांधा. संध्याकाळी लवकर जेवून आठ ते साडेनऊ झोपून घ्या आणि मगच मोटरीकडे जा. सकाळी दूध घालायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, तुम्ही सातला आडवे व्हा ते अकरापर्यंत, खिडकीवर गोधडी टाका, अंधार झाला पाहिजे, आणि शेतातून येताना कपाळावर टोपी ओढून या म्हणजे कोवळं ऊन डोळ्यात शिरून झोप मोडणार नाही. चहाचा शेवटचा कप रात्री बारा-एकच्या आत, कारण चहातल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. सरी भरायला वेळ असेल तेव्हा डुलकी घ्या पण बाजेवर घ्या, बांधावर जमिनीवर अंग टाकू नका, मण्यार रात्रीचीच फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावलेली लवकर कळत पण नाही. ठिबक आणि ऑटो स्टार्टरचं जमत असेल तर ते खत-औषधाच्या खर्चात नाही, दवाखान्याच्या खर्चात धरून बघा, स्वस्त वाटेल. आणि एक, शुगर तपासायला जाल तेव्हा हा आठवडा रात्रीचा होता का दिवसाचा हे डॉक्टरला आवर्जून सांगा, आणि जेवणाच्या वेळा उलट्यापालट्या होत असतील तर गोळी कधी घ्यायची ते त्यांनाच विचारा, मनाने पुढे-मागे करू नका, शुगर एकदम खाली गेली तर रात्री शेतात कोण बघणारे?

कुपवाड एमआयडीसीतून पण दोघांनी रात्रपाळीबद्दल विचारलंय, त्यांनी वरचंच आपल्याला लावून घ्यावं, फक्त मण्यार वगळून.

प्रश्न : आमचे मिस्टर ४४ वर्षांचे, मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, वजन ९६ किलो. घोरणं एवढं की पोरं हॉलमध्ये जाऊन झोपतात. पण मध्येच घोरणं एकदम बंद पडतं, मी मोजते, पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग गुदमरल्यासारखे दचकतात आणि परत सुरू. दिवसा सौद्यात बसल्या बसल्या डुलकी लागते. परवा कोल्हापूरवरून येताना अंकलीच्या पुलाच्या अलीकडे गाडी साइडपट्टीवर गेली. सासूबाई म्हणतात दमलेला माणूस घोरणारच. हे दवाखान्यात यायला तयार नाहीत.

उत्तर : ताई, तुम्ही सेकंद मोजलेत ना, तिथंच निम्मं निदान झालं. सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, दमला की माणूस घोरतो, पण दमलेल्या माणसाचा श्वास बंद पडत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, वाट उघडते, आणि सकाळी त्यांना यातलं काहीएक आठवत नाही. ते म्हणणार मी आठ तास मस्त झोपलो. झोपले कुठले, दहा सेकंदांच्या वर असा श्वास अडकणं तासाला पाच वेळा झालं तरी आम्ही आजार धरतो आणि तीसच्या वर गेलं की गंभीर. म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी खांदा धरून हलवतंय अशी ती रात्र. गोळ्या घेऊनही न हलणारं बीपी, हृदयाचे ठोके चुकणं, पॅरॅलिसिस, सकाळचं डोकं दुखणं, चिडचिड, विसराळूपणा हे सगळं याच्या मागून येतं, आणि माझ्याकडे "हे हल्ली फार तापट झालेत" म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मी पहिलं विचारते की घोरतात का.

मला सगळ्यात जास्त भीती तुमच्या पत्रातल्या गाडीची वाटली. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंद होतो असं १९९७ साली मोजून बघितलंय, आणि आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस पण झोपेवाचून हद्दीबाहेर जातो, फक्त त्याला फुंकर मारायला लावणारा पोलीस रस्त्यावर नसतो. तपासणी होईपर्यंत त्यांना लांबच्या गाडीवर बसू देऊ नका, ऊस सीझनला रात्री बिनलाईटच्या ट्रॉल्या असतात तेव्हा तर नाहीच.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात, एक रात्र बोटाला, छातीला, नाकाशी वायरी लावून झोपायचं. छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर सांगतील, मिरज जवळ आहे तुम्हाला, त्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही. निघालंच तर सीपॅप नावाचं मशीन असतं, नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवतं. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा जगापुढे मांडलं. पहिले आठ दिवस माणूस "मी काय फायटर पायलट आहे का" म्हणून मास्क काढून टाकतो, तेवढे दिवस तुम्ही धरून ठेवा. वजन उतरलं तर फरक पडतो, कुशीवर झोपवा, आणि रात्रीचा पेग असेल तर बंद, दारूने घसा आणखी सैल पडतो.

दवाखान्यात न यायचं म्हणाल तर भांडू नका. मोबाईलवर रात्रीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि सकाळी चहाबरोबर दाखवा, आवाज फुल करून. आजवर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच नवऱ्यांना या व्हिडिओनेच आणलंय.

प्रश्न : मी सातारची, सांगलीत रूम घेऊन एमपीएससी करते. अभ्यासिका रात्री बारापर्यंत, आणि पहाटे चारला उठते. ग्रुपमधले सगळे चार तासच झोपतात. पण वाचलेलं लक्षात राहीना झालंय.

उत्तर : राहणार कसं पोरी. दिवसा वाचलेलं मेंदूत कच्च्या वहीत उतरतं, ते पक्क्या वहीत जातं झोपेत. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त आणि स्वप्नांची झोप, जिच्यात बुबुळं बंद पापणीखाली भराभरा फिरतात, ती पहाटेकडे जास्त. चारचा अलार्म लावलास की या दुसऱ्या झोपेचा मोठा तुकडा दररोज कापला जातो. ग्रुपवाल्यांना एक गोष्ट सांग. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत सॅन दिएगोच्या रँडी गार्डनर नावाच्या १७ वर्षांच्या शाळकरी पोराने ११ दिवस जागून दाखवलं, शेवटच्या दिवशी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर तो ६५ वर आला आणि गप्पच बसला. का थांबलास म्हटलं तर म्हणाला काय करत होतो ते विसरलो. तुमच्या पेपरात नेमकं तेच व्हायला नको. मोठ्या माणसाला कमीत कमी सात तास लागतात, तू अकराला झोप, सहाला ऊठ, आणि वाचलेल्या पानांपेक्षा आठवलेली पानं मोज.

प्रश्न : डॉक्टर, वय ६१, सांगलीच्या गावभागात राहते. २०१९ च्या पुरात घराचा खालचा मजला गेला, २०२१ ला परत पाणी आलं. तेव्हापासून पावसाळा लागला की झोप नाही. रात्री दोन-तीनदा उठून मोबाईलवर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघते. पाऊस नसला तरी तीनला डोळे उघडतात आणि मग छातीत धडधड. शेजारणीने तिची झोपेची गोळी दिली, ती गेले सात-आठ महिने घेतेय, आता अर्ध्या गोळीने भागत नाही.

उत्तर : काकू, हे वाचून मला माझीच आई आठवली, ती पण पाऊस वाजायला लागला की जिन्यात जाऊन बसते. २०१९ च्या ऑगस्टात पुलाजवळ ५७ फुटांच्या वर पाणी बघितलेल्या माणसाला ४० फुटाची इशारा पातळी म्हणजे नुसता आकडा राहत नाही. तुमचं डोकं फिरलेलं नाही, ते पहारा देतंय. फक्त पाऊस नसताना पण पहारा उठत नाही ही अडचण आहे. झोप मोडली की मेंदूतलं भीतीचं केंद्र दुसऱ्या दिवशी जास्त भडकतं, भडकलं की रात्री झोप येत नाही, असं ते एकातून एक वाढत जातं. झोप न लागणाऱ्यांना पुढे डिप्रेशन येण्याची शक्यता साधारण दुप्पट असते, त्यामुळे "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांच्या वर चाललं की आम्ही त्याला निद्रानाशच म्हणतो, तुमचं तर कितीतरी जास्त झालंय.

गोळीबद्दल आधी सांगते. दुसऱ्याची गोळी घेतलीत त्यावर रागावत नाही, पण आता एकदम बंद करू नका, सात-आठ महिन्यांची सवय एका रात्रीत तोडली तर झोप आणखी उडते, कधी कधी झटके पण येतात. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, ते थोडी थोडी करत उतरवतील. या वयात या गोळ्यांनी रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं, मला त्याची जास्त काळजी आहे.

जुन्या निद्रानाशावर पहिला इलाज गोळी नसतोच, सवयी आणि विचारांवर काम करायची थेरपी असते, तिच्यातलं थोडं घरी सुरू करता येईल. उठायची वेळ एकच धरा, समजा साडेपाच, मग रात्र कशीही गेली असू दे. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बाहेरच्या खुर्चीत बसा, मंद दिव्यात वाती वळा, जपमाळ घ्या, झोप आली की परत जा. घड्याळ दिसेल असं ठेवू नका. पातळी बघायचं काम मुलाला किंवा सुनेला द्या, रात्री जागायचं असेल तर ते जागतील आणि तुम्हाला उठवतील असं घरात बोलून ठरवा, तुम्ही फक्त सकाळी सात आणि संध्याकाळी सात. कागदपत्रं, गोळ्या, दागिने यांची एक पिशवी जूनमध्येच भरून वरच्या मजल्यावर ठेवा, भरलेली पिशवी डोळ्यांना दिसली की निम्मी धडधड तिथंच उतरते, माझ्या आईची उतरली. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको. आणि जगण्यात काय अर्थ नाही असलं काही मनात यायला लागलं तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : रात्री हळदीचं दूध प्यायल्याने झोप लागते का?

उत्तर : सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही. हळदीत झोपेचं औषध नाही, पण रोज त्याच वेळी, टीव्ही बंद करून, गरम पेला हातात धरून दहा मिनिटं गप्प बसलात तर त्या बसण्याने झोप येईल. साखर कमी घाला. जायफळ घालणार असाल तर दोनदा उगाळण्याइतकंच, चमचाभर जायफळाने उलट्या करत आलेला पेशंट मी बघितलाय, त्या रात्री तो पण जागा आणि मी पण.