डिफ्यूझर घेण्याआधी
कॅमेऱ्याचा फ्लॅश विकत घेताना आधी बघ, त्याचं डोकं वर आणि बाजूला, दोन्हीकडे वळतं का. पांढऱ्या छताकडे वळवून उडवलास की चेहऱ्यावरची तेलकट चमक आणि मागच्या भिंतीवरची काळीकुट्ट सावली, दोन्ही बऱ्याच कमी होतात. छत रंगीत असेल तर मात्र तोच रंग गालावर उतरतो.

डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करायला फ्लॅशच्या डोक्यावर बसवतात ती प्लास्टिकची टोपी, उघड्यावर लावू नकोस; तिथे उजेड फारसा मऊ होत नाही, नुसता वाया जातो. माझी कधीच हरवली, शोधलीही नाही. उजेडाचा स्रोत मोठा आणि जवळ हवा. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशसमोर लावायची, पुढे पांढरं कापड असलेली मोठी पेटी) चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आण आणि नाकाची सावली कशी विरते ते बघ. अंतर दुप्पट केलंस तर उजेड १/४ उरतो, म्हणजे पॉवर चौपट लागणार.