नवीन राउटरचं वायफाय सुरक्षित कसं करायचं? शेजारी वापरतात असा संशय आहे.

तुम्ही लिहिलंय की अमळनेरला भिंतीला भिंत लागून घरं आहेत, फायबरचं कनेक्शन नवीन आहे, बसवायला आलेल्या मुलाने तुमचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून दिला आणि संध्याकाळी नेट रांगतं.

भाऊ, आधी तो मोबाइल नंबर काढा. अर्ध्या गल्लीकडे तो असणारच, पण अनोळखी माणसालाही तो अवघड नाही. तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हाची देवाणघेवाण कोणालाही हवेतून पकडता येते. मग तो घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघतो, राउटरला पत्ताही लागत नाही. आपले नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक तेवढ्या काही तासांत तपासून मोकळा होतो.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा: शेव, विहीर, सतरंजी, इंजिन असे काहीही. (हेच टाकू नका, आता ते सगळ्यांनी वाचलेत.)

दुसरा पासवर्ड लोक विसरतातच, तो म्हणजे राउटरच्या सेटिंगचा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. युजरनेम अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन असेल तर तुमच्या वायफायवर आलेला कोणीही आत शिरून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलू शकतो आणि तुम्हाला खोट्या साइटवर नेऊ शकतो. कधीकधी हा पासवर्ड कनेक्शनवाल्याकडेच असतो, तो मागून घ्या.

आत गेलातच तर सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए३ ही वायफायला कुलूप लावायची पद्धत निवडा. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत घरी बसून पासवर्ड लावून बघायची वरची युक्ती चालत नाही. जुना फोन किंवा प्रिंटर जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय घ्या. नुसतं डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) असेल तर सोबत एईएस हे कूटलेखन हवं. त्याच कामाचं टीकेआयपी जुनाट आहे आणि त्याने वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. डब्ल्यूईपी हे सगळ्यात जुनं कुलूप तर २००१ सालीच फुटलंय, त्याकडे बघूही नका.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून निघतो. त्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलायची सोय) बंद ठेवा.

नेटवर्कचं नाव लपवा, मॅक फिल्टर लावा (म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, मॅक पत्ता, बघून ठरावीक उपकरणांनाच आत घ्या), असे सल्ले मिळतील. माझ्या मते वेळेचा अपव्यय. लपवलेलं नावही हवेतून पकडता येतं आणि मॅक पत्ता कोणालाही नक्कल करता येतो.

त्यापेक्षा गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करा. हिवाळ्यात भरीत पार्टीला वीस जण जमले की वांगी भाजून होण्याआधीच विचारणा सुरू होते, "वायफायना पासवर्ड काय शे रे भो?" त्यांना गेस्टचा द्या. घरचे लॅपटॉप आणि कॅमेरे वेगळे राहतात.

आता शेजाऱ्यांवरचा संशय. पासवर्ड बदलला की सगळे आपोआप बाहेर पडतात. नंतर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, पण अनोळखी नाव दिसलं की लगेच भांडायला जाऊ नका. हल्लीचे फोन मॅक पत्ता बदलून येतात, तो घरातलाच फोन असू शकतो. शिवाय नेट रांगायचं कारण वेगळंही असू शकतं: दाट गल्लीत २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यांचे राउटर एकमेकांवर आदळतात. एकमेकांत न घुसणारी चॅनेल तिथे १, ६ आणि ११ एवढीच. राउटर ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा) असेल तर जवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झ वापरा. तरीही संध्याकाळी मंदच राहिलं तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून वेग मोजा. तिथेही तेवढाच मिळाला तर अडचण वायफायची नाही, लाइनची आहे. कनेक्शनवाल्याकडे तक्रार नोंदवा.