पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

प्रश्न: आईला ४२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मी घरी लाळेचा नमुना घेऊन चाचणीला पाठवला. ‘बीआरसीए निगेटिव्ह, पॉलिजेनिक स्कोअर ९२ पर्सेंटाइल’ असा अहवाल आलाय. मला ९२ टक्के धोका आहे का?

उत्तर: नाही. शंभरजणी स्कोअरच्या चढत्या क्रमाने उभ्या केल्या तर तुमचा नंबर ९२वा, एवढंच. या कर्करोगाचा एक प्रसिद्ध पॉलिजेनिक स्कोअर डीएनएवरच्या ३१३ जागांचे धोक्यातले छोटे-छोटे वाटे एकत्र करतो. तो एका प्रमाण विचलनाने (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) वाढला की शक्यता साधारण १.६ पट होते. ९२ पर्सेंटाइल म्हणजे सरासरीच्या वर १.४ विचलनं, म्हणजे धोका पावणेदोन ते दोन पट. पण कशाच्या पट? तुमच्या लोकसमूहात आयुष्यभराचा धोका १२ टक्के असेल तर तुमचा वीसेक टक्के. तो ४ असेल तर सातेक. अहवालात ‘पट’ दिसलं की मूळ आकडा विचारा, आणि कोणत्या वयापर्यंतचा तेही.

खरी काळजी मला ‘बीआरसीए निगेटिव्ह’ या शब्दांची वाटते. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या दोन जनुकांमध्ये रोगकारक बदल हजारो प्रकारचे आढळतात. काही घरगुती चाचण्या त्यातले मोजकेच तपासतात. असा बदल असेल तर ८० वर्षांपर्यंतचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून आई हयात असेल तर आधी तिची चाचणी, तीही दोन्ही जनुकांचं पूर्ण वाचन करणारी. तिच्यात बदल सापडला आणि तुमच्यात तोच नसला, तरच तुमचं ‘निगेटिव्ह’ भरवशाचं. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका. असे बरेचसे बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

प्रश्न: आजार वडिलांच्या बहिणींना होता. मग माझा संबंध नाही ना?

उत्तर: आहे. वडिलांकडे बदल असेल तर तो तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मी. पुरुषांत तो बहुधा दबून राहतो, म्हणून त्या बाजूचा इतिहास कुणी विचारत नाही.

प्रश्न: माझा वंश युरोपीय नाही. स्कोअर चालेल का?

उत्तर: जपून. आजाराशी जोडलेल्या डीएनएवरच्या जागा शोधताना जवळपास दहा लाख स्वतंत्र सांख्यिकी चाचण्या गृहीत धरतात, म्हणून निव्वळ योगायोगाच्या शक्यतेची मर्यादा ०.०५ भागिले दहा लाख, म्हणजे ०.०००००००५ ठेवतात. गाळणी कडक आहे, पण सापडते ती खूणजागा. खरा कारणीभूत बदल बहुतेकदा तिच्या शेजारी असतो. ही शेजारओळख प्रत्येक लोकसमूहात वेगळी, आणि अभ्यासांतले नमुने मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. त्यामुळे इतरांत स्कोअरची ताकद घटते. शिवाय स्कोअरची सरासरीच सरकते: युरोपीय रांगेत तुमचा नंबर ९२वा, तर स्वतःच्या रांगेत कदाचित मधलाच. पर्सेंटाइल कोणत्या रांगेतून काढलं हे अहवालात लिहिलेलं नसेल, तर तो आकडा बाजूला ठेवा.